झाकणांच्या प्रेसवरचं फडकं

...तर काल सावकाशराव गेटावरच्या रखवालदारासमोर सही करत उभे होते, तिथपर्यंत आलो होतो. माणसाला कामावर घ्यायचं नाही, पण रोज सकाळी गेटावर हजर मात्र व्हायचं, निलंबनाची तऱ्हाच अशी. पगार अर्धा आणि दुसरीकडे काम धरायला मनाई. घरी बसावं तर सही चुकते, आत जावं तर रखवालदार हात आडवा घालतो. कालपर्यंत सोबत विडी ओढणारा तोच रखवालदार, आता "राव, माझ्या पोटावर पाय आणू नका" म्हणून नजर चुकवायचा.

सावकाशराव हे नाव कारखान्यानं दिलेलं. चहावर साय धरेपर्यंत थांबणारा माणूस, आणि आरोप काय, तर घाईचा! डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसला हात वाचावा म्हणून पुढे जाळी असते. जाळी लावली की खटका दबतो, तेव्हाच प्रेस चालते. पण दर झाकणाला जाळी उघडायची, लावायची, तर ठरलेला माल निघायचा कसा? म्हणून खटका दबलेलाच राहावा, जाळी न लावता प्रेस चालावी, यासाठी सगळी लाईन खटक्याला फडकं आवळून बांधायची. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण माल त्यांनाही हवाच होता. एकटे सावकाशराव तेवढे जाळी लावून काम करायचे आणि कमी मालाबद्दल बोलणी खायचे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्रेस घटकाभर मेहुण्याच्या हाती दिली. मेहुणा हंगामी. माल वाढवून दाजींना खूश करावं म्हणून पोरानं फडकं बांधलं. दाजी हात पुसत परतले, मेहुणा आपल्या जागेवर गेला, आणि फडकं दिसायच्या आत मोठे साहेब पाठीमागे उभे.

आधी 'कारणे दाखवा'ची नोटीस आली. त्यांनी गोलमोल उत्तर दिलं, म्हणून आरोपपत्र आलं. मग बाहेरचे एक वकील चौकशी अधिकारी म्हणून नेमले. कामगाराला वकील चालत नाही, सोबतीला कामगारच घ्यायचा, म्हणून त्यांनी पॅकिंगवाल्या काकांना घेतलं. काकांनी गाठ एका वाक्यात सोडवली: मेहुण्याचं नाव घे आणि मोकळा हो. पण सावकाशरावांना दुसरी गाठ दिसत होती. कायम माणसाला निदान टेबल, खुर्ची, साक्षीदार, उलटतपासणी मिळते. हंगामी माणसाची चौकशी कोण करतो? त्याला नुसतं उद्यापासून येऊ नको म्हणतात.

मेहुणा राहायचाही त्यांच्याच घरी. बायको एका रात्री म्हणाली, सांगून टाका त्याचं नाव, आपल्या पोरांचं बघा. म्हणाली आणि भावाचं ताट रोजच्यासारखंच वाढलं, वर तूप जरा जास्तच. मेहुणा मान खाली घालून जेवला. दोन खोल्यांच्या घरात तोंड फिरवायलाही जागा नव्हती.

चौकशी मीटिंगच्या खोलीत झाली. खिडक्या बंद, पंखा कुरकुरणारा. सुपरवायझरांनी साक्ष दिली, फडकं बांधायची पद्धत आपण कधी पाहिली नाही. काकांनी उलट विचारलं, मग एवढा माल निघत कसा होता? सुपरवायझर म्हणाले, कामगारांची मेहनत. लिहिणाऱ्या कारकुनानं तेही गंभीरपणे लिहून घेतलं.

शेवटी वकीलसाहेब सावकाशरावांकडे वळले. फडकं तुम्ही बांधलंत का, नसेल तर कोणी? तुमचं उत्तर नोंदवलं जाईल, नीट विचार करून बोला. काकांनी टेबलाखालून पाय दाबला. कारकुनाचं पेन थांबलं होतं. सावकाशरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले,

"लिहा साहेब, प्रेस माझी, म्हणून फडकंही माझंच. सुट्टीत ती कोणाच्या हाती होती ते मात्र विचारू नका. विचारलंत तर मला खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलल्याचा आरोप अजून तुमच्या कागदावर नाही, तो कशाला वाढवता?"