गौरीच्या शब्दावर लाल रेघ

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलंय माझं.

माझी गौरी उदगीरला नववीत शिकते. पाण्याच्या टँकरच्या रांगेवर तिनं इंग्रजीत निबंध लिहिला, त्यात रांगेतल्या बायांच्या कुजबुजीला ‘सुसरस’ (susurrus, म्हणजे हलकी कुजबुज, सळसळ) म्हटलं. हा शब्द तिला एका इंग्रजी कादंबरीत सापडला होता. त्या दिवशी घरभर तो म्हणत नाचली होती पोरगी! इंग्रजीच्या सरांनी त्यावर लाल रेघ मारली, "असा शब्दच नाही."

आज मी डिक्शनरी घेऊन शाळेत गेलो. सरांनी शब्द वाचला, पुस्तक मिटलं अन् म्हणाले, "असू द्या. परीक्षेत असलं चालत न्हाई. तिच्या कादंबऱ्या बंद करा."

बाहेर आल्यावर गौरीनं हळूच विचारलं, "पप्पा, खोडून सोपा शब्द लिहू का?"

"न्हाई बेटा. तसाच ऱ्हाऊ दे."

चूक सरांची, मग भ्यायचं माझ्या लेकरानं का?