नव्या माणसाचा शिपाई

केळव्याला आमच्या शेजारच्या काकूंकडे शनिवार-रविवारी पर्यटक उतरतात. त्यांतलंच कुणीतरी पत्त्यांच्या एका खेळाचा डबा विसरून गेलं आणि काकूंना त्याचं वेड लागलं. एक पात्र निवडायचं, दहा कच्च्या पत्त्यांनी सुरुवात करायची, नवे पत्ते मिळवत आपली गड्डी घडवायची आणि समोरच्याला हरवायचं. दुपारी सुपाऱ्या सोलून झाल्या की काकू कुंपणावरून मला हाक मारत आणि माझ्यापुढे शिपायाचं पात्र ठेवत; स्वतः जादूगारीण घेत.

"नव्या माणसानं शिपायच घ्यावा. त्याला जादू नाय, पण तो लवकर मरत नाय."

मी एखादा चकचकीत पत्ता उचलायला गेलो की त्या डोळे वटारत. "सगलं घेतलंस तर कामाचा पत्ता हाती कदी येल? आदी कच्चं काढून टाक. आदी ढाल, मग तलवार."

वर्षभर त्यांनी मला असं शिकवलं आणि रोज न चुकता हरवलं.

गेल्या मंगळवारी माझ्या गड्डीत नऊच पत्ते उरले होते. दर पाळीला ढाल हाती येत होती. काकूंची जादूगारीण पडली. त्यांनी माझे पत्ते उलटून पाहिले, पुन्हा पाहिले आणि चहाचं न विचारताच त्या आत गेल्या. जिंकल्याचा आनंद राहिला बाजूला. उद्यापासून हाक येते की नाही, या धास्तीनं मी ओटीवरच बसून राहिलो.

थोड्या वेळानं त्या चहा घेऊन आल्या. डब्यातला शिपाई काढून त्यांनी स्वतःपुढे ठेवला.

"आता शिपाय माजा. तू कोण पन घे."