डाव्या बाजूची सीट

सोलापुरात चन्नप्पाला ओळखणारा जो तो त्याला तापट म्हणतो. म्हणू देत. कडक भाकरीच्या धंद्यात तव्यापुढे उभी हयात गेलेला माणूस थंड कसा राहील? पण तो खरा पेटला तो गाडीपायी.

गाडी छोटी, सगळ्यात स्वस्तातली. भाकरीचे पुडे दुकानांना पोचवायला घेतलेली. शोरूममधला टायवाला गोड हसून म्हणाला होता, "काका, ड्रायव्हरला एअरबॅग आहे. डावीकडे हवी तर वरचं मॉडेल घ्या." तेव्हा नियम तेवढाच होता आणि कंपनीनं नियमापेक्षा रतीभर जास्त दिलं नाही. पाण्याची बाटली ठेवायला खाचा मात्र चार दिल्या! बाटलीची काळजी, माणसाची नाही. चन्नप्पानंही मान डोलावली, गाडी म्हणजे गाडी.

आपल्याकडे पुढची डावी जागा मानाची. पाहुणा असो, जावई असो, आधी "पुढं बसा". चन्नप्पाची बायको रत्नम्मा मात्र कायम मागे, पुड्यांना खेटून बसायची. लेक काव्याचं लग्न अक्कलकोटला ठरलं, त्या दिवशी परतताना चन्नप्पानं हट्टानं रत्नम्माला पुढे बसवलं. वाटेत उसाची ट्रॉली एकदम थांबली. मागे ना दिवा, ना रेडियम. चन्नप्पाच्या तोंडापुढे पिशवी फुगली. रत्नम्मापुढे काहीच नव्हतं. पट्टा लावूनही ती गेली. आपल्याला साधं खरचटलंसुद्धा नाही, याची त्याला आजही चीड येते.

"गाडीनं नियमाप्रमाणे काम केलं," असं कंपनीचा माणूस म्हणाला. आग लागो त्या नियमाला. गाडी दुरुस्त झाली, धंद्याला ती हवीच होती. पण घरी येताच चन्नप्पानं पाना घेतला आणि डावी सीट उपटून काढली.

यंदा काव्याला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी न्यायला चन्नप्पा अक्कलकोटला गेला. सासूनं, सुंदरम्मानं, सुनेची ओटी भरली, तिला हाताला धरून आणलं, पुढचं दार उघडलं आणि बघतच राहिली.

"इवाई, सीट कुटं हाय?"

"काढली."

"मग पोटुशी पोर मागं बसून धक्के खाईल व्हय? आमची सून म्हंजी काय भाकरीचा पुडा हाय?"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. जावई अजिंक्य पुढे आला. "मामा, ऱ्हाऊ द्या. माझ्या गाडीनं सोडतो. तुमच्यासारखीच हाय, सीट तेवढी जाग्यावर हाय."

"माझ्यासारखीच?"

चन्नप्पा तरातरा गेला आणि त्या गाडीचं दार उघडलं. जुनी घेतलेली, तीच कंपनी, तेच खालचं मॉडेल. डाव्या सीटपुढे एअरबॅग नाही, नुसतं कोरं प्लास्टिक, त्यावर चिकटवलेला देव.

"पोरीला रोज कुटं बसवता?"

"पुढं की," सुंदरम्मा ताठ मानेनं म्हणाली. "मानानं."

"मान?" चन्नप्पा ओरडला. "माझ्या रत्नीलाबी मीच दिला हुता मान! तिच्यापुढं बी असंच कोरं हुतं!"

काव्याचा हात पोटावर गेला. अजिंक्यनं त्या देवाकडे पाहिलं, मग खाली.

चन्नप्पानं लेकीला आपल्या गाडीत मागे बसवलं, पट्टा पोटाच्या खालून नीट लावून दिला. मग त्यानं डिकीतून पाना काढला आणि कुणाला न विचारता जावयाच्या गाडीत वाकला. डाव्या सीटचा बोल्ट गंजलेला होता, हलेना.

"अजिंक्य," मागून सुंदरम्माचा आवाज आला, "बघत काय हुबा ऱ्हायलास? धर की दुसऱ्या बाजूनं."