झोपाळा फ्रेमबाहेर

"मॅडम, मागे डोंगर आलाच पाहिजे हां," सुनीलचे मोठे भाऊ पुन्हा म्हणाले. बोरीवलीतला फ्लॅट, समोर नॅशनल पार्क, बाल्कनीत पितळी कड्यांचा झोपाळा. त्यावर सुनील आणि मेधा ताठ बसलेले, जणू कोणी बघायला येणार आहे.

मी फॅमिली फोटोग्राफर. एरवी बारशी, मुंजी, डोहाळजेवणं. हे काम वेगळं होतं. दोघं सहा वर्षांची मुलगी दत्तक घेणार होते. एवढ्या मोठ्या मुलीला भेटीआधी आईबाबांच्या फोटोंचा आल्बम दाखवतात, म्हणजे समोर आल्यावर चेहरे अगदी परके वाटत नाहीत. संस्थेला आल्बम लगेच हवा होता.

झोपाळ्यावरचे फोटो झाले. मग म्हटलं, स्वयंपाकघरात एक साधा काढू. मेधा, चहा कर. तिने चमच्यासाठी एक खण उघडला, मग दुसरा, मग तिसरा.

"तुम्ही इथे राहत नाही?"

"नाही हो. कुडाळला. पुतण्याच्या मुंजीला दादांकडे आलोय."

"मग तिकडचे फोटो का नाही?"

"जायला वेळ कुठाय? आणि आमचं क्वार्टर बघून कोण मुलगी देणार?" सुनील हसत म्हणाला, पण त्याला हसू येत नव्हतं.

मेधा हळूच म्हणाली, "एका घरातून ती परत आलीय. त्यांना जमलं नाही म्हणे."

मला रागच आला. "मग ती तुमच्या घरी येऊन झोपाळा शोधेल ना!"

"फोटोत एवढं चालतं, सगळेच करतात," भाऊ म्हणाले.

"लग्नाच्या स्थळासाठी करतात. तिथे दोघं मोठी असतात, भांडून घेतात. ही पोर कोणाशी भांडणार?"

भाऊ बाल्कनीकडे बघायला लागले. माणूस वाईट नव्हता. धाकट्याचं भलं व्हावं म्हणून त्यांनी मुंजीच्या गडबडीत झोपाळ्याच्या कड्या घासून घेतल्या होत्या. शेवटी सुनीलच म्हणाला, "दादा, मॅडम बोलतायत ते बरोबर आहे रे. पण इथे आमचं आहे काय?"

मेधाने बॅगेतून लाल झाकणाचा डबा काढला. मुंजीसाठी घरून बेसनाचे लाडू आणले होते. "हा आमच्या ओट्यावर असतो," ती म्हणाली.

भिंतीवर पांढरी चादर लावली आणि टाइट फ्रेम घेतली. म्हणजे कॅमेरा इतका जवळ, की चेहरे, हात आणि डबा सोडून काही दिसू नये. सुनीलने डब्यात हात घातला, मेधाने तो चापटला आणि दोघं खरोखर हसली. झोपाळ्याचे फोटो मी त्यांच्यासमोर डिलीट केले.

"यासाठी फोटोग्राफर कशाला? मोबाइलवर काढले असते," भाऊ पुटपुटले. तसं ते खोटं नव्हतं.

पुढे बरेच महिने काही कळलं नाही. आल्बम साधाच झाला होता. डोंगर असता तर बरं झालं असतं का, असं मनात येऊन जायचं. मग एक दिवस मेधाचा फोन आला. मुलगी घरी आली होती.

"आल्या आल्या काय केलं माहितीय? काखेत आल्बम तसाच, सरळ ओट्याशी गेली. डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिली."

"का गं?"

"रिकामा होता! धावपळीत लाडू करायचे राहिले हो माझे. म्हणते, फोटोत होते."

"मग?"

"मग काय! तसंच बेसन भाजायला घेतलं. ती शेजारी स्टूल टाकून बसली, हलेना. गरम गरमच वळले, तिनेही दोन वळले. वाकडेतिकडे."

आता कुठल्याही घरी शूटला गेले की मी आधी विचारते, यातलं तुमचं काय काय आहे? लोकांना राग येतो. येऊ दे. लाडू संध्याकाळपर्यंत वळून होतात. झोपाळ्याला बाल्कनी लागते.