मैनाबाईंनी पाहिलेल्या तीन मॅच

मैनाबाई पाठराबे धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात सत्तावीस वर्षं आया होत्या. या काळात त्यांनी किती पेशंट पाहिले याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नाही. फुटबॉलचं मात्र सगळं आठवतं. विणकर स्पोर्टिंग क्लब कोणत्या साली कुणाकडून कितीने हरला, गोल कोणत्या बाजूने आला, रेफरी कोण होता, हे त्या मेथी निवडता निवडता सांगतात. आम्ही क्लबचे पन्नास-साठ समर्थक. आमच्यात वाद झाला की कुणीतरी सक्करदऱ्याला तलावामागच्या त्यांच्या घरी जाऊन विचारून यायचा आणि वाद तिथेच संपायचा.

त्यांचे यजमान बाबनराव अकरा वर्षं क्लबचे गोलकीपर होते. घरी दोन हातमाग होते, ते बंद पडल्यावर बाबनराव एका शाळेत शिपाई म्हणून लागले. लग्न झालं त्याच हिवाळ्यात मैनाबाई त्यांना डबा द्यायला मैदानावर गेल्या आणि मॅच संपेपर्यंत पायरीवर बसून राहिल्या. क्लब पाच-शून्यने हरला. घरी येताना त्यांनी विचारलं, हे दर वेळी असंच असतं का. बाबनराव म्हणाले, बहुतेक वेळा. पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. बाबनरावांनी खेळणं सोडलं तरी त्या जात राहिल्या. दवाखान्यात रविवारची ड्यूटी आली की दुसऱ्या कुणाला आपली दिवाळीची सुट्टी देऊन बदलून घ्यायच्या.

आमचा क्लब कोष्टी विणकरांनी काढला. आता संघातलं कुणी विणत नाही. पोरं हिंगण्याला नाहीतर बुटीबोरीला कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत, एक जण मीटर रीडिंग घेतो, एकाचं पंक्चरचं दुकान आहे. बारा संघांच्या लीगमध्ये आम्ही नववे-दहावे यायचो. एका वर्षी सातवे आलो तेव्हा सत्कार झाला होता.

गेल्या मोसमात मात्र काय झालं कुणास ठाऊक, आम्ही जिंकायला लागलो. पहिल्या आठपैकी सहा मॅच जिंकल्या, एक बरोबरीत सुटली. गोलकीपर अभिजीत पराते याने एकट्याने तीन मॅच वाचवल्या. त्याला बाबनरावांनी लहानपणापासून शिकवलं होतं. लोकांना या जिंकण्याची सवय नव्हती. मॅच संपल्यावर आम्ही थोडा वेळ तसेच बसून राहायचो, कारण हरल्यावर काय बोलायचं ते ठरलेलं होतं, जिंकल्यावरचं ठरलेलं नव्हतं. पहिले चार संघ पुढे महिनाभराच्या राज्य पातळीच्या स्पर्धेला बाहेरगावी जाणार होते. आम्हाला उरलेल्या तीन मॅचमधली एक जिंकली तरी पुरे होती, आणि त्या तिन्ही शेवटच्या तीन संघांशी होत्या.

त्या तिन्ही आम्ही हरलो. चार-शून्य, पाच-एक, तीन-शून्य. आम्ही पाचवे आलो.

खरं सांगायचं तर आम्हाला फार आश्चर्य वाटलं नाही. आपली गाडी रुळावर आली असंच बहुतेकांना वाटलं. तिसऱ्या मॅचनंतर मैनाबाई नेहमीसारख्या थांबल्या नाहीत, पिशवी उचलून निघून गेल्या, एवढं मला आठवतं.

दहा-बारा दिवसांनी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आवाजाची क्लिप आली. सक्करदरा चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला गौरांग निनावे ग्रुप चालवतो. त्याला ती एका राखीव खेळाडूने पाठवली होती, ज्याला मोसमभर मैदानात उतरवलंच नव्हतं. क्लिपमध्ये आमचे सेक्रेटरी केशवराव नंदनवार बोलत होते. तीनही सोडून द्या, पहिल्या चारमध्ये यायचं नाही, असं त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू येत होतं.

केशवराव आधी म्हणाले की हा आपला आवाजच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आवाज आपलाच आहे, पण बोलणं मैदानावरच्या मोडक्या खुर्च्यांबद्दल होतं. क्लबकडे खुर्च्या नव्हत्या.

समर्थकांचे गट पडले. काहींनी जर्सी घालणं बंद केलं. एकाने पोराच्या वाढदिवसाच्या केकवर क्लबचं चिन्ह काढायला सांगितलं होतं, ते बेकरीत जाऊन पुसायला लावलं. काही जण म्हणत होते की सगळं खोटं आहे, आपला क्लब मुद्दाम हरण्याइतका हुशार नाही. गौरांगचं मत वेगळंच होतं. तो म्हणाला की इतकी वर्षं आपण काही न करता हरत होतो, या वेळी हरण्यासाठी आधी बैठक घ्यावी लागली, म्हणजे सुधारणा आहे. हे तो गंमत म्हणून सांगत नव्हता.

लीगने चौकशी समिती नेमली. केशवराव बाबनरावांच्या घरी आले. क्लिप कुणी जोडतोड करून बनवली असेल असं म्हणता येईल, पण मॅच कशा झाल्या ते सांगणारा माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. मैनाबाईंनी समितीपुढे येऊन एवढंच सांगायचं की आमची पोरं नेहमीच अशी खेळतात. त्यांचा शब्द कुणी खोडणार नाही. बाबनरावांनी मान डोलावली. मैनाबाई चहा ठेवायला आत गेल्या, चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की जे पाहिलं ते सांगीन. केशवरावांना तो होकार वाटला. चहा पिऊन ते समाधानाने गेले.

समितीची बैठक धरमपेठेत एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. भिंतीवर पोरांनी काढलेली फळं होती. अध्यक्ष चारुलता घारपुरे म्हणून निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. आम्ही पंधरा-वीस जण मागच्या बाकांवर बसलो होतो, बाक लहान असल्यामुळे गुडघे पोटाशी घेऊन. अभिजीत खिडकीजवळ होता.

मैनाबाईंना खुर्ची दिली. घारपुरे बाईंनी विचारलं की किती वर्षं मॅच पाहता. त्या म्हणाल्या, चाळीस. मग विचारलं की क्लब नेहमीच इतका खराब खेळतो का. त्या म्हणाल्या, याहून खराब खेळतो. केशवरावांनी आमच्याकडे वळून पाहिलं.

"मग या तीन मॅच नेहमीसारख्याच होत्या?" घारपुरे बाईंनी विचारलं.

"नाई," मैनाबाई म्हणाल्या. "हरताना आमचे पोट्टे एकमेकाले शिव्या देते. गोल बसला का मागचा पुढच्याले देते, पुढचा मागच्याले. चाळीस वर्षं ऐकून राहिली मी. या तीन मॅचमंदी बारा गोल बसले, कोणी कोणाले काई नाई बोललं."

समितीचे लेखनिक मान वर करून म्हणाले, शिव्या दिल्या नाहीत, हे पुराव्यात कसं लिहायचं. घारपुरे बाई म्हणाल्या, जसं सांगितलं तसं लिहा.

मैनाबाईंनी पुढचंही सांगितलं. अभिजीत नेहमी बॉल मारणाऱ्याचा पाय पाहून मग झेपावतो. त्या बारांपैकी सात वेळा तो बॉल मारायच्या आधीच खाली बसला. कोणते सात, ते त्यांनी मॅचवार सांगितलं. हे बोलताना त्यांनी अभिजीतकडे पाहिलं नाही.

केशवराव उठून म्हणाले की बाईमाणसाला यातलं तांत्रिक कळत नाही. त्यावर खिडकीजवळून अभिजीत उभा राहिला.

"काकू बरोबर सांगून राहिली," तो म्हणाला. "फक्त सात नाई, आठ होते."

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. केशवरावांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज क्लिपमधल्यासारखाच शांत होता. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता. पहिल्या चारमध्ये आलो असतो तर महिनाभर बाहेर जावं लागलं असतं. अकरातली आठ पोरं कंत्राटी. महिनाभर गैरहजर राहिली तर गेटपास रद्द, म्हणजे काम गेलं. पात्र होऊन गेलो नाही तर क्लबवर दोन वर्षं बंदी. दोन्ही टाळायचं तर पाचवं येणं हाच मार्ग त्यांना दिसला. चौथ्या आणि पाचव्यातलं अंतर काढायला त्यांना दोन दिवस लागले होते.

"कारखान्यांकडे सुट्टी मागितली होती?" घारपुरे बाईंनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

घारपुरे बाई तोवर पुस्तकी मराठीत बोलत होत्या. हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघाला ते त्यांनाही कळलं नसावं.

"नाही म्हणाले असते," केशवराव म्हणाले.

निकाल आठवड्याने आला. क्लबला सगळ्यात खालच्या गटात टाकलं. केशवरावांना तीन वर्षं मैदानात यायला बंदी, अभिजीतला सहा महिने खेळायला बंदी.

राग कुणावर काढायचा हे आम्हाला कळेना. केशवरावांवर काढावा तर त्यांनी पोरांच्या नोकऱ्यांसाठी केलं होतं. अभिजीतवर काढावा तर त्याने खरं सांगितलं होतं. तेव्हा तो मैनाबाईंवर निघाला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की चाळीस वर्षं क्लबचं मीठ खाल्लं. खरं तर त्या शेंगदाणे घरून आणायच्या. रस्त्यात लोक त्यांना पाहून मोबाईल काढून बघायला लागले. मीही एकदा भाजीबाजारात त्या समोरून येताना दिसल्या तेव्हा गरज नसताना दोन किलो कांदे घेतले. ते घरी पडून राहिले.

बाबनराव घरात नऊ दिवस बोलले नाहीत. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. जेवायचे, ताट उचलून ठेवायचे, पेपर वाचायचे. अभिजीत त्यांचा शिष्य, आणि बायकोने भर वर्गात त्याचे सात गोल मोजून सांगितले. तेवढंच कारण नव्हतं, असं ते म्हणाले. दुसरं काहीतरी आत सलत होतं आणि ते विचारायला नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी मैनाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. बाबनराव दारात येऊन उभे राहिले.

"मी गोलमंदी उभा राहो तवा तू असंच पाहत होती काय वं?"

"हाव."

"मंग मी कसा होतो?"

मैनाबाईंनी सूप खाली ठेवलं. अकरा वर्षांत हा प्रश्न बाबनरावांनी कधी विचारला नव्हता, आणि नंतरच्या वर्षांतही नाही.

"तुमी काही मोठे कीपर नव्हते," त्या म्हणाल्या. "उजवीकडचा बॉल तुमाले दिसतच नव्हता. पण आधी खाली बसले, असं एकदाही झालं नाई."

बाबनरावांनी खुंटीवरची पिशवी घेतली. मग त्यांनी विचारलं की भाजी काय आणू. त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं.

संध्याकाळी अभिजीत त्यांच्याकडे आला. काकूंच्या पाया पडला, त्यांनी पडू दिलं. चुकलो असं तो म्हणाला नाही आणि त्यांनीही म्हणवून घेतलं नाही. त्याच्या कंपनीतल्या सुपरवायझरने पेपरात बातमी वाचून त्याला बोलावलं होतं. सुपरवायझर स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेला निघाला. अर्ज केला असता तर महिनाभर दिला असता, निदान तीन आठवडे, असं त्याने सांगितलं. अभिजीतला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, हे त्याला अजून सांगता येत नाही.

खालच्या गटातल्या मॅच उमरेड रोडकडच्या एका मैदानावर सकाळी आठला होतात. पायऱ्या नाहीत, आपली सतरंजी आपण न्यायची. पहिल्या मॅचला आम्ही नऊ जण होतो. मैनाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. गौरांग थोडा वेळ उभा राहिला, मग त्यांच्या सतरंजीवर जाऊन बसला. मीही गेलो. त्यांनी जागा करून दिली. केशवरावांना मैदानात यायची बंदी असल्यामुळे ते बाहेर रस्त्यावर स्कूटरच्या पायदानावर उभे राहून भिंतीवरून पाहत होते. अर्ध्या वेळेत बाबनराव त्यांना पाण्याची बाटली देऊन आले.

अभिजीतची बंदी डिसेंबरात संपली. बाबनराव आठवड्यातून दोनदा त्याला सराव देतात, गुडघा दुखतो म्हणून खुर्चीवर बसून. सध्या आम्ही तिसरे आहोत. मागच्या रविवारी मॅच एक-एक बरोबरीत सुटली. परत येताना आम्ही तिघं टपरीवर तर्री पोहे खायला थांबलो. बाबनरावांचं म्हणणं होतं की गोल बसला तेव्हा अभिजीतने एक पाऊल पुढे उभं राहायला हवं होतं. मैनाबाई म्हणाल्या, अर्धं. सिटी बस येईपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं, आणि सक्करदऱ्याला उतरतानाही ते मिटलं नव्हतं.