गोठ्यात टेप केलेलं गाणं

दुष्काळ पडायच्या आदल्या दिवाळीत मी आमच्या गोठ्यात एक अमेरिकन गाणं टेप केलं. ही गोष्ट मी पुढे बऱ्याच जणांना सांगितली, आणि दर वेळी हसवण्यासाठीच सांगितली. बैलाच्या गळ्यातली घंटा कशी मध्येच वाजली, गायीने ऐन कडव्यात कसं शेण टाकलं, वगैरे. माणसं पोट धरून हसतात. गोठ्यातच का, असं ऐकणाऱ्यांपैकी आजवर मला एकीनेच विचारलं, आणि तेव्हा मी गप्प बसलो.

मी नगरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंग्रजी शिकवायला एक अमेरिकन बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी नेसणाऱ्या, आणि मराठी इतकं शुद्ध बोलणाऱ्या की आमचीच त्यांच्यापुढे तारांबळ उडे. शनिवारी दुपारी त्या चार-पाच मुलांना घरी बोलावून रेकॉर्डी ऐकवत. तिथे मी पहिल्यांदा ब्लूज ऐकलं. एक गिटार, एक घोगरा आवाज. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. बाईंनी सांगितलं की हे गाणारे काळे लोक ज्या हॉटेलांत गायचे तिथे त्यांना पुढच्या दाराने यायला बंदी असे. मागून, स्वयंपाकघरातून यायचं, गायचं आणि तसंच परत जायचं. ते ऐकून माझे डोळे भरून आले. पुढच्या आठवड्यात मी वर्गात उभा राहून त्यावर इंग्रजीत भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. मी अगदी खरा रडलो होतो, ढोंग अजिबात नव्हतं, म्हणूनच आता ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी आपला टेपरेकॉर्डर पुढे ठेवला. सेलवर चालणारा, रिळांचा. म्हणाल्या, "आपण ऐकलेल्यातलं एक गाणं तुमच्या घरी, तुमच्या वाद्यांवर बसवा आणि मला आणून ऐकवा. कोण करेल?" माझा हात पहिला वर. मला गाता येत नव्हतं, सूर कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. पण कोणाकडून गाऊन घ्यायचं ते मी हात वर करतानाच ठरवलं होतं.

आमचं गाव सोनईच्या अलीकडे. तिथे माझा एक मित्र होता, पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत एका बाकावरचा. बौद्ध वस्तीतला. मी कॉलेजात गेलो आणि तो सोनईला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. जयंतीला तो बेंजो वाजवून गायचा. बटणं दाबून तारा छेडायच्या, तो आपल्याकडचा बेंजो. त्याचा आवाज सुरू झाला की आमच्या आळीतली माणसंही जेवता जेवता थांबायची. शाळेत आम्ही एकमेकांची भाकरी खाल्ली होती. पण तो आमच्या अंगणापर्यंत यायचा, हाक मारायचा आणि मी बाहेर जायचो. हे कोणी ठरवलं नव्हतं. तसं चालत आलं होतं आणि आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नव्हतो.

सुट्टीत तीन दिवस त्याच्या घरी तालीम केली. मी शब्द देवनागरीत लिहून दिले, अर्थ समजावला. तो म्हणाला, "एकच वळ दोनदा का म्हनत्यात म्हाईत हाय का? पहिल्यांदा कोन ऐकत न्हाई म्हनून." मी मोठ्या ऐटीत म्हणालो की हे पुस्तकात दिलेलं नाही. त्याच्या आईने चहा दिला. तो पिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवतो.

त्याच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. तिथे टेप करणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "तुमच्या घरी करू. धाब्याचं घर, जाड भिती. माजघरात पोती लावल्याली हायेत, वरून वाकळा टांगू. लई झ्याक येईल बघ. बाहेरचं कायबी शिरनार न्हाई."

त्याने आमचं माजघर कधी पाहिलं नव्हतं. पण बाजरीची पोती ओसरीपर्यंत त्याच्या वडिलांनीच पाठीवरून आणून टाकली होती, तेव्हा ती आत कुठे गेली असतील हे त्याला कळत होतं.

मी म्हणालो, "नको, गोठ्यात करू. गोठ्यात आवाज चांगला येतो."

हे मी दिवसभर लाउडस्पीकर आणि रेडिओ उघडून बसणाऱ्या माणसाला सांगत होतो. वर पत्रा, बाजूला बैल, दावणीला गाय आणि पाठीमागे कडब्याची गंज. त्याने शब्दांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेंजो घेऊन आला. मी पेंढीवर पोतं टाकून त्याला बसवलं. पहिल्या वेळी घंटा वाजली. दुसऱ्या वेळी गायीने आपला कार्यभाग उरकला आणि आम्ही दोघंही हसून लोळलो. तिसऱ्या वेळी तो डोळे मिटून गायला. इंग्रजीचे उच्चार पार नेवासे तालुक्यातले होते, पण तिसऱ्या ओळीला त्याने आवाज असा खाली आणला की मला टेप बंद करायचं भान राहिलं नाही. रीळ रिकामं फिरत राहिलं. शेवटी त्यानेच हात पुढे करून बटण दाबलं.

तो गेल्यावर आई वासराला सोडायला गोठ्यात आली.

"आत का न्हाई बसला रं? ह्या मुतात कशाला बसवलंस त्या पोराला?"

"काका काय म्हणाले असते?" घरात शब्द चालायचा तो काकांचा.

"काका सकाळधरनं मळ्यात हायेत."

"मग तू आत येऊ दिलं असतंस?"

"ते मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली आणि वासरू घेऊन गेली.

ती हो म्हणाली असती की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण तोवर मी मनातल्या मनात सगळं तिच्यावर आणि काकांवर ढकलून मोकळा झालो होतो. घरची माणसं जुनी, त्यांच्यापुढे आपण काय करणार, असं. घरात कोणाला विचारलंच नव्हतं. त्याला नाही म्हणणारा मी एकटाच होतो.

सुट्टी संपल्यावर बाईंनी गाणाऱ्यालाही घेऊन यायला सांगितलं. त्याने दुकानातून रजा काढली आणि इस्त्रीचा शर्ट घालून नगरला आला. बाईंनी त्याला दारातून हाताला धरून आत नेलं, वेताच्या खुर्चीवर बसवलं, सरबत दिलं. टेप सुरू झाला. फसलेले दोन प्रयत्नही रिळावर तसेच होते, घंटा वाजल्यावर त्या हसल्या. मग हसू गेलं. गाणं संपलं तेव्हा त्या चष्मा काढून पदराने पुसत होत्या. त्यांनी रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं आणि पूर्ण ऐकलं.

"इतकं सुंदर गायलात तुम्ही," त्या त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण हे गोठ्यात का केलंत? तुमचं घर तर मातीच्या जाड भिंतींचं आहे ना? आत किती शांत असतं, तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. त्या घराची शेखी मी त्यांच्यापुढे किती वेळा मिरवली होती. त्यांच्या प्रश्नात काहीही नव्हतं, निव्वळ कुतूहल. पण मला ते मागचं दार, ते स्वयंपाकघर, माझं भाषण, टाळ्या, सगळं एकदम आठवलं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

त्याने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, गोठ्यात आवाज चांगला येतो."

माझं वाक्य, अगदी माझ्याच शुद्ध बोलीत. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी टेपच्या खोक्यावर तसं लिहून ठेवलं आणि पुढे वर्गातही कौतुकाने सांगितलं.

त्याला सोडायला मी स्टँडपर्यंत चालत गेलो. नेवाशाची गाडी लागलेली होती. तो पायरीपाशी थांबला.

"मला कळलं हुतं रे. तवाच. तोंडावर सांगितलं अस्तंस, आत न्हाई नेता येत म्हनून, तर म्या काय रागावलो नस्तो. गोठ्यातच गायलो अस्तो. माज्याशी खोटं का बोल्लास?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो उत्तराची वाट बघत उभा होता आणि मागची माणसं त्याला ढकलत होती. चुकलो, एवढं म्हणायचं होतं. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता, मी खोटं सांगत नाही.

मी म्हणालो, "कशाबद्दल बोलतोयस तू?"