पेरूवरचा डबा

माझी बायको भाकऱ्या थापताना पायाने पाखरं हाकायची. खोटं वाटेल, पण बघणारे अजून गावात आहेत. परसातल्या पेरूला तिने घासलेटचा रिकामा डबा टांगला होता आणि डब्यात एक धोंडा लोंबता ठेवला होता. डब्याची दोरी, म्हणजे माझ्या रहाटाचं जुनं सुंभ, खिडकीच्या गजांतून थेट चुलीपर्यंत आणलेली. तिचं टोक हिच्या पायाच्या अंगठ्याला. हात पिठात, नजर तव्यावर, कान पेरूवर. झाडावर जरा चिवचिव झाली की अंगठा हलायचा आणि बाहेर असा खडखडाट व्हायचा की पोपट खाडीपलीकडे. सकाळच्या आगबोटीने उतरणारी माणसं बंदरावरच म्हणायची, डबेवाली उठली. गावात तिला दुसरं नावच राहिलं नव्हतं.

पाखरांची माया वगैरे तिला काही नव्हती. लोक कोकिळेचं कौतुक करतात. ही म्हणायची, "पहाटेपासून बोंबलते मेली, हिला घरकाम हाय का न्हाय?" सातभाई वाळक्या पानांत उतरून कलकल करायला लागले की तिचं डोकंच फिरायचं. "भाव कसले हे? जावा हायत जावा! भाव एवढं बोलतात व्हय?"

शेजारी माझा चुलतभाऊ पांडू. एकदा तो कुंपणावरून ओरडला, "वयनी, पाखरं परवडली, तुमचा डबा आवरा!"

"डबा पेरू तरी खात न्हाय, भावोजी," आतून उत्तर आलं. पांडूच्या धोतराच्या सोग्यात तेव्हा आमचेच पेरू होते. तो गुपचूप घरात गेला.

आम्हांला मूलबाळ झालं नाही. त्यात मी बोलणारा माणूस नाही, रहाटामागे रेडा फिरवायचा, शिंपणं करायचं, जेवायचं, झोपायचं. एकदा मी तिला म्हटलं, "ओरडू दे गो. दोघं माणसं आपण, किती पेरू खाणार?"

ती म्हणाली, "पेरूचं न्हाय वो. घरात कोण बोलत न्हाय नि भायेर हा बाजार. ते आयकवत न्हाय."

डबा खाऱ्या वाऱ्याने गंजून फुटला होता. अलिबागच्या बाजाराला गेलो तेव्हा नवा आणून टांगला. तिने ओढून बघितला आणि म्हणाली, "ह्याचा गळा चांगला हाय."

पुढे तिचाच गळा गेला. ताप आला, खोकला आला, तो छातीत बसला आणि आवाज पार बसला. खाट खिडकीपाशी घेतली. चुलीजवळची दोरी मी सोडली आणि तिच्या हाताशी बांधून दिली. मी लांब वाडीत रहाटावर असायचो, तिला हाक मारता येईना. पाणी पाहिजे, कूस बदलायची, की ती दोरी ओढायची. पाखरांसाठी लांब खडखडाट, माझ्यासाठी एकच बारीक हिसका. डबा वाजला की पाखरं पळायची आणि मी धावायचो. "आलो गो, आलो!" दारात पोचलो की ती हसायची. ओठांनीच बोलायची, कान तोंडाशी न्यावा लागे. एकदा म्हणाली, "पाखरं तुमच्यापरीस लवकर आयकतात."

सगळ्या संसारात आम्ही बोललो नसू तेवढं त्या दिवसांत बोललो. तेही डब्यातून.

भातकापणी झाली आणि ती गेली. पेरू तेव्हा नुकता पिकायला लागला होता.

पाखरांना लगेच समजलं. आधी बुलबुल आले, मग पोपट आले, मग सातभाई तर घरच्यासारखे ओटीवर. खाली नुसता उष्ट्या पेरूंचा सडा. पांडू म्हणाला, "दादा, सगळा पेरू नासला. एकदा दोरी वढ की."

मी म्हटलं, "तू तुझं बघ."

मग एके दिवशी मी रहाटावर असताना डबा वाजला. बारीक, एकदाच. हातातला चाबूक टाकून मी धावलो. "आलो गो, आलो!" म्हणत घरात शिरलो, तांब्या भरला आणि खिडकीपाशी गेलो. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती, मीच ठेवली होती. बाहेर डब्यावर साळुंकी बसून झोके घेत होती.

तांब्यातलं पाणी मी तिथेच उभ्याने प्यायलो. दुसरं काय करणार?

पांडू म्हणतो डबा काढून टाक. मी काढत नाही. पाखरं आता सर्रास त्याच्यावर बसतात, दिवसातून कितीदा तरी तो वाजतो. मी धावत नाही. रेडा थांबवतो, रहाटाची करकर बंद होऊ देतो, आणि परत वाजतो का ते ऐकत उभा राहतो.